पुढचा वसंत

पागेबाई प्रूफ वाचायच्या ते उलटं. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दापासून सुरुवात करायची आणि मथळ्याशी येऊन थांबायचं. मी प्रेसमध्ये लागले त्या पहिल्या सकाळी त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून पुटपुटत होत्या, "पूर्णविराम, आहे, विनंती, नम्र, ही, राहण्याची, उपस्थित, सहकुटुंब..." मला वाटलं, बाई मंत्रबिंत म्हणताहेत. उज्जैनमध्ये नवीनच होते मी. इथे कोण कुठे काय म्हणत बसेल याचा नेम नाही, असं नाशिकहून निघताना सासूबाईंनी सांगूनच ठेवलं होतं.

"सरळ वाचलं की अर्थ लागतो," त्या मला मागाहून म्हणाल्या, "आणि अर्थ लागला की डोळा चुका झाकतो. उलटं वाचलं की शब्द एकटा पडतो. एकट्या शब्दाला लपता येत नाही."

प्रेस टावर चौकाच्या मागच्या गल्लीत होता. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पंचांगं, बिलबुकं, असलं काम. मालक व्यासजी. बाहेर चौकात तेव्हा दर महिन्याला काहीतरी नवीन उघडायचं. आज एसटीडी बूथ, उद्या केबलवाल्याचं ऑफिस, परवा रंगीत फोटोंची लॅब. त्या लाटेत व्यासजींनीही जुळणीच्या शिशाच्या खिळ्यांच्या केसेस भंगारात दिल्या आणि देवनागरी उमटवणारा एक कॉम्प्युटर आणला. तो चालवायला मला ठेवलं. माझे मिस्टर रेल्वेत, बदली होऊन आलेले. मी सहा महिन्यांचा क्लास केला होता, तेवढ्या भांडवलावर प्रेसमधल्या सगळ्यांनी मला विदुषी मानलं होतं.

पागेबाई साठी ओलांडलेल्या. उंच, कोरड्या अंगाच्या. अंबाड्यात लाल रिफिल खोचलेली असायची, नुसती रिफिल, पेन नाही. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेवर कारकून म्हणून इकडे आलेले. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की कुठे सांधा दिसायचा नाही. "परेशान नका होऊ देवरे, आराम से करा," असं मला म्हणायच्या. लग्न केलेलं नव्हतं. दौलतगंजात माडीवरच्या एका खोलीत एकट्या राहायच्या आणि तिथून फ्रीगंजातल्या प्रेसपर्यंत रोज चालत यायच्या. टेम्पोत बसत नसत. टेम्पोत लोक पाट्या वाचू देत नाहीत, म्हणायच्या. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाची पाटी त्यांना तपासायची असायची.

पण चूक दिसली म्हणून ती त्यांनी कधी स्वतः सुधारली नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्या फक्त खूण करायच्या. समासात लाल टिंब, टिंबापुढे प्रश्नचिन्ह. दुरुस्त करायचं ते ज्याचं लिखाण त्याने.

एकदा एका लग्नपत्रिकेत मुलीचं नाव 'शोभा' आलं होतं. बाईंना पक्कं माहीत होतं की मुलगी 'शुभा' आहे, शाळेत त्यांच्या शेजारणीची विद्यार्थिनी. मी म्हटलं, "मग करते ना शुभा, एका अक्षराचा तर प्रश्न."

बाईंनी माझं मनगट धरलं. जोरात.

"विचारावं," त्या म्हणाल्या. "बदलू नये."

भर उन्हात बाई त्या लोकांच्या घरी गेल्या. तासाभराने परत येऊन पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "सासरचं नाव शोभाच ठेवणार आहेत. मुलाकडच्यांनी आधीच कळवलंय." मला लाज वाटली. बाईंना आनंद वगैरे झालेला दिसला नाही. त्या पुन्हा पूर्णविरामापासून सुरू झाल्या होत्या.

कॉम्प्युटरला त्या आधी भ्यायच्या. हात धुतल्याशिवाय की-बोर्डला शिवायच्या नाहीत. पडद्यावर लुकलुकणाऱ्या त्या कर्सरला 'काजवा' म्हणायच्या, आणि काजवा कुठे आहे हे सापडलं नाही की कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. पण एक गोष्ट त्यांना फार आवडली. एका शाळेच्या स्मरणिकेत 'आशीर्वाद' जागोजागी 'आर्शीवाद' पडला होता. मी तो शब्द शोधायला लावला. काजवा टुणकन पहिल्या 'आर्शीवाद'वर जाऊन बसला. मग कंट्रोल दाबून एल दाबलं की पुढचा. परत दाबलं की त्याच्या पुढचा.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मी करू?"

त्यांनी बोट जपून टेकवलं. काजवा पुढे उडाला. त्या दिवशी त्यांनी सगळी स्मरणिका त्या एका बोटाने पालथी घातली. दर चुकीवर थांबायच्या, मला दुरुस्त करायला लावायच्या, आणि मग म्हणायच्या, "पुढचा." त्या बटणाचं त्यांनी नावच 'पुढचा' ठेवलं. "सत्तावीस वर्षं डोळ्यांनी केलं, ते हे एका बोटाने," म्हणाल्या. दुसरं काही शिकायला मात्र तयार झाल्या नाहीत. दुपारी दीडला व्यासजी जेवायला घरी गेले की त्या हात धुऊन कॉम्प्युटरपाशी येऊन बसायच्या. माझा डबा होईस्तोवर ती खुर्ची त्यांची.

शोध फक्त खालच्या दिशेने जातो, हे त्यांना मी समजावून सांगितलं होतं. त्यामुळे काही तपासायचं असलं की आधी त्या काजवा उचलून पार वर, पहिल्या ओळीवर ठेवायच्या. पाटावर देव मांडावा तसा.

त्या चैत्रात आमच्याकडे एक मोठं काम आलं. इथल्या मराठी लोकांच्या एका मंडळाला सगळ्या परिवारांची पुस्तिका काढायची होती. घरोघरी छापील अर्ज दिले होते; लोकांनी भरून पाठवले. घरचा कर्ता, त्याचं गाव, मुलं, नोकरी. आडनावांच्या अनुक्रमाने मी ते सगळं चढवलं. पागेबाई अर्ज आणि प्रूफ शेजारी ठेवून तपासत होत्या. त्यात एक अर्ज 'श्री. वसंत विश्वनाथ पागे, निवृत्त रेल्वे कर्मचारी, नानाखेडा' असा होता. मी नानाखेड्यातच राहत होते, म्हणून विचारलं, "तुमचे कोणी का हो?"

"आडनाव एक आहे," बाई म्हणाल्या, आणि पान उलटलं.

छपाईला जायच्या आधी मंडळाचा माणूस एक कागद घेऊन आला. अर्ज भरून दिल्यानंतरच्या काळात जे वारले त्यांची नावं. अकरा जण. त्यांच्या नावामागचं 'श्री.' काढून 'कै.' करायचं होतं. मी सकाळी ते करायला घेतलं. मशीनला सांगायचं, अमुक शोध आणि त्याजागी तमुक घाल. दर वेळी ते विचारायचं, बदलू का? मी हो म्हणायचं. चौथ्या-पाचव्या नावाला मला त्याचा कंटाळा आला आणि ते विचारणं मी बंद करून टाकलं. शेवटचं नाव वसंत केळकरांचं होतं. मी पूर्ण नावही टाइप केलं नाही. 'श्री. वसंत' शोध, 'कै. वसंत' कर. वरून पहिला वसंत केळकरच होता. झालं. मी डबा घेऊन मागच्या बाजूला गेले.

डबा धुऊन परत आले तर पागेबाई पडद्यासमोर बसलेल्या होत्या. नुसत्या बसलेल्या. बोट की-बोर्डवर तसंच टेकलेलं.

"देवरे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"तुम्ही तिकडेच राहता. सकाळी कळलं का? मला सांगायचं जिवावर आलं म्हणून नुसतं टाइप करून ठेवलंत?"

मी वाकून पाहिलं. पडद्यावर होतं, 'कै. वसंत विश्वनाथ पागे'.

मी कागद उचलला. अकरा नावं. पागे त्यात नव्हते. मी म्हटलं, "बाई, हे मी केलेलं नाही. कुणी वारल्याचं मला माहीत नाही."

"मी आणखी वसंत किती आहेत तेवढं बघत होते," त्या म्हणाल्या. "केळकरांचाच कै. झालाय ना, दुसऱ्याचा नाही ना, म्हणून. काजवा वर ठेवला आणि पुढचा म्हटलं. तर हा आला."

बाहेर रस्ता सुन्न पडलेला. चैत्रातली दुपार, समोरचं कापडाचं दुकानसुद्धा अर्धं शटर ओढून झोपलेलं. कूलरची घरघर तेवढी होती. मी 'कै.' खोडून हाताने 'श्री.' लिहिलं, फाइल जपून ठेवली. "झालं बघा. माझाच हात कुठेतरी लागला असेल."

बाईंनी मान डोलावली. पण दुरुस्ती झाल्यावर पुन्हा पाहायचं हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा नेम. त्यांनी काजवा वर नेला. बोट टेकवलं. पुढचा.

'कै. वसंत विश्वनाथ पागे'.

मी यादी खालपर्यंत सरकवून पाहिली. खाली आणखी एक वसंत होते, सप्रे. त्यांचं 'श्री.' जागच्या जागी होतं. बाकी पाच-सहाशे नावांत कुठे काही हललेलं नव्हतं. फक्त हेच एक.

"सरका, मी बघते," मी म्हटलं. मी बसले. ती सगळी ओळच पुसून टाकली आणि अर्ज समोर ठेवून नव्याने लिहिली. श्री. वसंत विश्वनाथ पागे. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. काजवा वर नेला आणि या वेळी बटण मी दाबलं.

डोळ्यांदेखत 'श्री.' गेलं.

मी क्लासमध्ये शिकलेलं सगळं मनात उलटंपालटं केलं, एक शब्द आठवेना. शेजारी पागेबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पायांत चपला सरकवत होत्या.

"माझा भाऊ आहे तो," त्या म्हणाल्या. "घर मला माहीत नाही. तुम्ही चला."

निघण्यापूर्वी मी घाईघाईने ते नाव पुन्हा हाताने नीट केलं. सवयीने काजवा वर न्यायला लागले तर त्यांनी माझं बोट धरलं. "नाही. आता तपासू नका."

पागेबाईंनी काही न तपासता सोडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि चौकातून टेम्पोत चढताना त्यांनी एकाही पाटीकडे बघितलं नाही.

वाटेत त्यांनी सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा वसंता कटनीला होता. तार करायला बाई स्वतः गेल्या. फॉर्मवर 'आई गेली, निघ' असं लिहायचं होतं. हात वळेना. एकटा आहे, तार वाचून गाडीत कसा बसेल, काय होईल त्याचं, असं मनात आलं. त्यांनी लिहिलं, 'आई गंभीर, निघ'. त्याने ते वाचलं आणि साहेबाकडून रीतसर रजा मंजूर करून घेतली, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघाला. येताना आईला आवडतात म्हणून संत्री घेऊन आला. तोवर अग्नी देऊन झाला होता. चुलत भावाने दिला. वसंता संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "तू शब्द बदललास."

त्यानंतर तो बोलला नव्हता. निवृत्त होऊन उज्जैनलाच येऊन राहिला, तरी नाही.

नानाखेड्याच्या बस स्टँडमागे तेव्हा नुकत्या कॉलन्या उठत होत्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अर्जावरचा घर नंबर मला पाठ होता. दार बंद, पण बाहेरून कुलूप नाही. बाईंनी कडी वाजवली. मग हाक मारली, "वसंता!"

आत काही हललं नाही.

"वसंता! अरे, मी आहे!"

आत कूलर चालू होता, तो ऐकू येत होता. बाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा त्यांचा आवाज फाटला. मी घराला वळसा घालून बाजूच्या खिडकीशी गेले. जाळीला डोळा लावला. आत कॉटवर एक गृहस्थ बसलेले होते. बनियन, पायजमा. ताठ. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट रोवलेले आणि नजर बंद दारावर. जिवंत माणूस इतका निश्चल बसलेला मी पाहिला नव्हता.

"काका," मी म्हटलं, "दार उघडा. ताई आल्यात तुमच्या."

ते असे दचकले की कॉट करकरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते बघणं मला आजही नीट सांगता येत नाही. ओळख पटल्यासारखं बघणं होतं ते. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यांनी दार उघडलं. बहीण-भाऊ उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. पागेबाईंनी हात पुढे करून त्यांच्या दंडाला, मग खांद्याला, मग गालाला बोटं लावून पाहिली. छापलेली शाई वाळली का ते बघतात तशी.

"बरा आहेस ना?"

"खरंच तू आहेस?" ते म्हणाले. "आधी आत ये. दोघी आत या. दार लावा."

त्यांच्या पत्नी, सुमन वहिनी, मुलीच्या बाळंतपणाला इंदूरला गेल्या होत्या. घरात ते एकटे. त्यांनी आम्हाला माठातलं पाणी दिलं. मग स्वतःहूनच म्हणाले, "जेवून पडलो होतो. डोळा लागतो न लागतो तर बाहेरून तुझी हाक आली. वसंता, अशी. अकरा वर्षांनी. मी धावत दार उघडलं, तर गल्लीत कोणी नाही. म्हटलं भास. येऊन पडलो. थोड्या वेळाने परत. परत तुझाच आवाज, अगदी दारात. परत उठलो, परत कोणी नाही."

"किती वाजता?" बाईंनी विचारलं.

"दीड वाजून गेला होता. पावणेदोन असतील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मग तिसऱ्यांदा हाक आली," ते म्हणाले, "ती तुझी नव्हती. दुसऱ्याच कुणा बाईची. तोंडात 'ओ' आली होती माझ्या. पण आई म्हणायची ना, माणूस दिसल्याशिवाय ओ देऊ नये. दात आवळून बसलो. त्यानंतर तू खरीच आलीस, तरी हलवलं नाही मला. म्हटलं, आता जे काय आहे ते दार फोडून येऊ दे."

मी पदराने घाम पुसत होते. तिसरी हाक कुणाच्या आवाजात होती हे मी विचारलं नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हते, मुद्दाम बघत नव्हते, हे मला कळत होतं.

बाईंनी त्यांना मशीनचं काही सांगितलं नाही. पिशवीतून त्यांचा अर्ज काढला. तो त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. "नाव नीट लिहिलंय का बघ. पुस्तकात जायचंय."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे."

"तुझ्या हाताने परत एकदा लिही."

अंबाड्यातली रिफिल काढून त्यांनी दिली. वसंतरावांनी अर्जाच्या मागे लाल अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं. ते लिहिताना बाई त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग वसंतराव कागदावरून मान वर न करता म्हणाले, "तेव्हा 'गेली' लिहायला हवं होतंस, ताई."

"हो."

"मी संत्री निवडत बसलो होतो गं स्टेशनवर. आंबट नकोत म्हणून एकेक दाबून बघत."

"हो रे," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं." आणि मग अकरा वर्षांचं रडणं दोघांनी मिळून केलं. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि अनोळखी स्वयंपाकघरात बराच वेळ साखरेचा डबा शोधत राहिले.

चार दिवसांनी इंदूरहून मशीन दुरुस्त करणारा माणूस आला. पागेबाई प्रूफ वाचत होत्या. मी त्याला हळू आवाजात झालेला प्रकार सांगितला, हाकांचा सोडून. तो हसला.

"मैडम, ये बटन ढूँढता नहीं है. आखिरी हुकुम दोहराता है. आखिरी बार ढूँढा होगा, तो ढूँढेगा. आखिरी बार बदला होगा, तो बदलेगा. और पूछना आपने बंद कर रखा था."

इतकं सोपं होतं ते. केळकरांना 'कै.' केलं ते माझं शेवटचं काम. त्यानंतर बाईंनी 'पुढचा' म्हटलं की मशीन पुढचा 'श्री. वसंत' गाठून त्याचंही तेच करत होतं. आम्ही नाव दुरुस्त करायचो, आणि तपासायला म्हणून दाबलेलं बटणच ते पुन्हा बिघडवायचं. तपासलं नसतं तर काही झालं नसतं. काजवा वर न नेता तसंच दाबलं असतं तर सप्रेंची पाळी होती.

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी जवळजवळ धावतच जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एका जागी न समजून पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आपण विचारत होतो, आणि त्याला ऐकू येत होतं, कर."

"तसंच काहीसं."

"मग तीनदा सांगितलं आपण. दोनदा मी, एकदा तुम्ही."

"बाई, फाइलमध्ये हो! फाइलच्या बाहेर काही नाही."

"नाहीच," त्या म्हणाल्या. "मशीनचं कळलं मला. हाकेचं त्याला विचारलंत का?"

मी परत माझ्या खुर्चीकडे वळले.

पुस्तिका वेळेवर छापली. त्यात वसंतराव 'श्री.' आहेत, मी माझ्या डोळ्यांनी, उलट्या क्रमाने, पाहिलंय. पण पागेबाई पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसल्या नाहीत. आणि दुसरा एक बदल झाला. रोज दीडला व्यासजी उठले की त्याही उठायच्या, टेम्पो पकडून नानाखेड्याला जायच्या आणि तीनला परत यायच्या. व्यासजी कुरकुरले. "पागे मैडम, इतनी धूप में रोज कहाँ जाती हैं आप?" त्या म्हणाल्या, "भाई के पास बैठने." सुमन वहिनी इंदूरहून परत आल्या तरी हे चालूच राहिलं. वहिनी मला एकदा भाजी घेताना भेटल्या. त्यांना आनंदच झाला होता. फक्त एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. "दोघं काही बोलत नाहीत हो. दारात खुर्च्या टाकून बसतात. आत पंख्याखाली बसा म्हटलं तर नको म्हणतात. पावणेदोन वाजले की ताई यांचा हात धरतात आणि दोन वाजून गेले की सोडतात."

मी बाईंना एकदाच विचारलं. "पुन्हा हाक आली का हो?"

"कधी कधी येते," त्या म्हणाल्या. "मला नाही येत. त्याला येते. तोंडावरून कळतं."

"आणि मग?"

"मग काय? मी असते ना तिथे."

दोन वर्षांनी मिस्टरांची बदली भुसावळला झाली. पुढे वहिनींची पत्रं येत राहिली. वसंतराव त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, नातवाची मुंज पाहिली. पागेबाई त्यांच्या आधी गेल्या, झोपेत. तार या वेळी वसंतरावांनीच सगळीकडे केली, आणि मला आलेल्या तारेत सरळ लिहिलं होतं, 'ताई गेली'.

पण पागेबाई म्हटलं की मला आठवतो तो उज्जैन सोडतानाचा दिवस. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. मिस्टर, आमची मुलगी आणि मी नानाखेड्याहून दुपारच्या बसने निघालो. स्टँडबाहेर पडल्यावर समोर कुठलीशी बैलगाडी आडवी आली आणि बस वसंतरावांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. गल्ली पांढरीफटक होती, कुत्रंसुद्धा नाही. दारात दोन खुर्च्या. वसंतराव नखं बघत बसले होते, बाई शेजारी. बाईंचा हात भावाच्या मनगटावर.

मी खिडकीतून हात बाहेर काढला. त्याच क्षणी वसंतरावांनी एकदम मान वळवली. माझ्याकडे नाही, बसकडेही नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे काही नव्हतं. चेहरा उजळला त्यांचा, घरचं माणूस दिसल्यासारखा, आणि ओठ विलगले.

पागेबाईंनी त्या टोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. शांतपणे दुसरा हात उचलला आणि तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला. घट्ट. आणि समोर बघत बसून राहिल्या.

बस हलली. त्यांचं लक्ष नाही तर नाही, शेवटची म्हणून एक हाक मी मारणारच होते. नाव ओठांवर आलं होतं. मी हात आत घेतला आणि खिडकी लावून घेतली.